नव्या वर्गशिक्षकांसाठी : मुलांना वर्ग आपला वाटावा म्हणून रोज करता येण्याजोग्या लहान गोष्टी

जून महिन्यात पहिल्यांदाच वर्ग हाती आलेल्या शिक्षकाला शाळेकडून बरेच काही मिळते : हजेरीपट, वेळापत्रक, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आणि ऑनलाइन भरायच्या माहितीची लांबलचक यादी. आपण शाळेत असलो काय आणि नसलो काय, याची कोणीतरी दखल घेते, असे वर्गातल्या पन्नास मुलांपैकी प्रत्येकाला कसे वाटू द्यायचे, हे मात्र कोणी लिहून देत नाही. मी बावीस वर्षे शिकवते आहे. सुरुवातीची काही वर्षे संस्थेच्या पेठ तालुक्यातल्या शाखेत आणि नंतर बदली होऊन नाशिक शहरात, औद्योगिक वसाहतीलगतच्या शाळेत. शिक्षणसेवक म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या सहकाऱ्यांना मी तोंडी जे सांगत असते, तेच येथे शाळेच्या वर्षाच्या क्रमाने लिहिले आहे.

आधी एक खुलासा करते. मुलांशी मायेने वागणे म्हणजे चॉकलेट वाटणे नव्हे आणि वाढदिवसाला टोपी घालून फोटो काढणेही नव्हे. मी ज्या गोष्टी सांगणार आहे, त्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागते ते लक्ष, आणि तेही कोणाला दिसणार नाही अशा बेताने दिलेले.

शाळा उघडण्यापूर्वी : नावे

हजेरीपट हातात आला की तो एकदा घरी मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडखळते त्या नावांवर पेन्सिलीने खूण करा. आपल्या जिल्ह्यात हे विशेष गरजेचे आहे, कारण एकाच वर्गात सुरगाणा-पेठकडची कोकणा आणि महादेव कोळी मुले, सटाणा-मालेगावकडून आलेली अहिराणी बोलणारी मुले, आणि कारखान्यातल्या कामासाठी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले शेजारी शेजारी बसतात. ‘भोये’ हे आडनाव शहरातल्या शिक्षकांकडून सर्रास ‘भोई’ असे वाचले जाते. पहिल्याच दिवशी नाव चुकले आणि वर्ग हसला, तर ते चुकलेले नाव दहावीपर्यंत टोपणनाव म्हणून चिकटते. म्हणून खूण केलेल्या प्रत्येक मुलाला बाजूला गाठून ‘तुझे नाव घरी कसे म्हणतात?’ असे विचारा आणि ते तसेच म्हणा. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांमुळे म्हणा किंवा वारकरी घरांमुळे म्हणा, आमच्याकडे निवृत्ती, सोपान, मुक्ता ही नावे अजूनही भेटतात आणि हजेरीपटातला ज्ञानेश्वर घरी ‘माऊली’ असतो. ‘माऊली’ अशी हाक वर्गात मारावी की नाही, हे त्या मुलालाच ठरवू द्यावे. काहींना ती घरातच ठेवायची असते.

पहिल्या आठवड्यात एका कागदावर बाकांचा नकाशा काढून त्यात नावे भरा आणि तो कागद टेबलावर ठेवा. हजेरी घेताना नाव उच्चारल्यावर मान वर करून त्या मुलाकडे पाहा. पन्नास नावांची हजेरी यामुळे फार तर एका मिनिटाने लांबते. ‘सतरा नंबर, उभा राहा’ हे वाक्य मात्र आपल्या वर्गातून कायमचे काढून टाका. हजेरी क्रमांक पोर्टलसाठी आहे.

रोज सकाळी : दारात पाच मिनिटे

परिपाठ संपून मुले वर्गात शिरतात, तेव्हा शिक्षकाने शिक्षकखोलीत सही करत बसण्याऐवजी वर्गाच्या दारात उभे राहावे. प्रत्येकाशी बोलणे शक्य नसते आणि गरजही नसते. दोघा-तिघांना एखादे वाक्य, बाकीच्यांना नुसती नजर. वाक्य स्तुतीचे असण्यापेक्षा माहितीचे असावे. ‘काल नव्हतीस, ताप उतरला का?’ यात जेवढे आहे तेवढे ‘किती हुशार आहेस’ यात नाही, कारण पहिल्या वाक्यातून काल तिची जागा रिकामी होती हे कोणीतरी पाहिल्याचे तिला कळते. कपडे, केस, रंग आणि वजन यांवर चांगले किंवा वाईट काहीही बोलू नये.

उशिरा येणाऱ्या मुलांबाबत माझा नियम असा आहे की आधी आत घ्यावे आणि मग, तास संपल्यावर, एकटे गाठून विचारावे. हा नियम मी पुस्तकातून घेतलेला नाही. आठवीतला एक मुलगा रोज दहा मिनिटे उशिरा येत असे आणि मी त्याला रोज दहा मिनिटे दाराबाहेर उभा करत असे. हिशेब मला चोख वाटत होता. डिसेंबरमध्ये एका सकाळी मी स्वतःच उशिरा पोहोचले, तेव्हा तो मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळावर वाकून, मातीने बोटे घासताना दिसला. पहाटे साडेचारला उठून तो पेपरची लाइन टाकत असे. छपाईची शाई बोटांना लागलेली असे आणि तीच बोटे वहीवर उमटली की पानभर काळे डाग पडत, म्हणून शाळेत आल्यावर आधी हात स्वच्छ करायचे, असा त्याचा शिरस्ता होता. नाशिकची डिसेंबरची थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या नळाचे पाणी कसे असेल हे सांगायला नको. माझ्या तासाची वही डागाळू नये म्हणून तो ज्या दहा मिनिटांत हात धुत होता, त्याच दहा मिनिटांची मी त्याला शिक्षा देत होते.

दुसऱ्या दिवशी मी नळाजवळच्या खिडकीत कपडे धुण्याच्या साबणाची अर्धी वडी ठेवली आणि त्याला काहीच बोलले नाही. तो चार मिनिटांत वर्गात येऊ लागला. पंधरा दिवसांत वडी संपली, कारण इतर मुलेही ती वापरत होती. मग मी दर पंधरवड्याला नवी ठेवत गेले.

तासात : थांबणे आणि ऐकणे

प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो, हे एकदा घड्याळ लावून पाहा. अमेरिकेतील विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गांतली बोलणी ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे आढळले. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. मनातल्या मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणणे एवढेच हे तंत्र आहे. करून पाहिल्यावर कळेल की तीन सेकंदांची शांतता शिक्षकालाच जास्त अवघड जाते, आणि पहिल्या बाकावरचे हात तेवढ्यात तीनदा वर होतात. त्या हातांना हसून थांबवा.

बोलीचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. सटाण्याकडून आलेल्या एका मुलीला मी वह्यांचा गठ्ठा आणायला सांगितले. गठ्ठा छातीशी धरून ती टेबलाजवळ आली आणि तिने विचारले, ‘बाई, कथा ठेवू?’ वर्ग खदखदून हसला. अहिराणीत ‘कथा’ म्हणजे ‘कुठे’. अशा वेळी ‘हसू नका’ म्हणून दटावल्याने हसू दबते, पण ती मुलगी अधिकच उघडी पडते. मी फळ्यावर ‘कथा’ हा शब्द लिहून त्याच्यासमोर दोन अर्थ लिहिले आणि आणखी कोणाच्या घरी ‘कुठे’ला वेगळा शब्द आहे, असे विचारले. पाच मिनिटांत फळ्यावर शब्दांची रांग लागली, त्यात भोजपुरीसुद्धा आली. व्याकरणाचा तास तेवढा मागे पडला. तो पुढच्या आठवड्यात भरून निघाला.

पहिल्या महिन्यानंतर : जे मूल हाती लागत नाही ते

महिना उलटल्यावर प्रत्येक वर्गात एक-दोन मुले अशी उरतात की ज्यांच्याशी आपले काही जुळत नाही. त्यांच्यासाठी एक जुनी आणि साधी रीत आहे : सलग दहा दिवस, रोज दोन मिनिटे, अभ्यास आणि वागणूक सोडून कशावरही त्याच्याशी बोलायचे. पहिले तीन-चार दिवस ‘हो’, ‘नाही’ आणि खांदे उडवणे एवढेच मिळते, आणि बहुतेक शिक्षक तिथेच सोडून देतात. विषय त्याच्या घरातला, हातातला हवा. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत घरची माणसे कामाला जात असतील, तर ऑक्टोबरात छाटणीबद्दल विचारा, जानेवारीत माल कधी तुटणार ते विचारा. बागेत दवाचे थेंब घडांवर राहिले की काय होते, हे सातवीतल्या एका ‘मठ्ठ’ मुलाने मला इतके रीतसर समजावून दिले की मी त्याच्या प्रगतिपुस्तकातली नोंद बदलली.

नोंदीचा विषय निघालाच आहे, तर तो पूर्ण करते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले, तेव्हापासून आपण प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहितो. म्हणजे लिहायला हव्यात. प्रत्यक्षात तयार नोंदींची पुस्तिका बाजारात मिळते आणि ‘नियमित अभ्यास करते’, ‘उपक्रमात सहभागी होतो’ ही वाक्ये तीस मुलांपुढे उतरवली जातात. कामाचा बोजा मला ठाऊक आहे, त्यामुळे मी कोणाला दोष देत नाही. पण पालक ती नोंद वाचतात आणि मूलही वाचते. ‘उत्तर चुकले तरी गणिताची रीत शेवटपर्यंत लिहिते’, ‘शेजारच्याला आधी पट्टी देतो आणि मग स्वतः आकृती काढतो’, असे एक वाक्य त्या मुलाशिवाय दुसऱ्या कोणाचेही असू शकत नाही. यासाठी एक लहान वही खिशात ठेवून रोज फक्त दोन मुलांविषयी एकेक ओळ लिहावी. पंचवीस दिवसांत पन्नास मुले होतात आणि सत्राच्या शेवटी पुस्तिकेची गरज उरत नाही. वह्या तपासतानाही ‘छान’ लिहिण्यापेक्षा कोणती ओळ छान आहे, तिच्याखाली रेघ ओढावी.

मदत करताना : ती दिसू नये

माझ्या मते नव्या शिक्षकांची सर्वांत जास्त चूक येथे होते, आणि ती चांगल्या मनाने होते. वह्या, दप्तरे किंवा स्वेटर कोणीतरी दान देते, गरजू मुलांना रांगेत उभे करतात, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होते आणि फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जातो. त्या रांगेत उभे राहिलेले मूल वही घेऊन घरी जाते आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात ‘वाटपवाला’ होते. वस्तू आल्याच तर शाळा सुटल्यावर, एकेकाला, दप्तरात घालून द्याव्यात. देणगीदाराला फोटो हवाच असेल तर गठ्ठ्याचा काढावा.

यापेक्षा सोपी सोय म्हणजे वर्गातल्या कपाटाचा एक खण. त्यात पेन, पेन्सिली, खोडरबर, कोरे कागद, सुई-दोरा, दोन-चार बटणे, सेफ्टी पिना, केसांचे रबर आणि सॅनिटरी पॅडचे पाकीट ठेवावे, आणि पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून टाकावे की लागेल ते न विचारता घ्यावे, जमले तर नंतर परत ठेवावे. मुली पॅड मागायला पुरुष शिक्षकांकडे जाणार नाहीत. त्या तासाला वर्गात सर असतील तर ‘मॅडमना भेटून येते’ एवढ्या वाक्यावर जाऊ द्यायचे, असे सहकाऱ्यांमध्ये आधीच ठरलेले असावे. खणातल्या वस्तू जातात का? काही जातात. वर्षाला तीन-चारशे रुपयांचा हा खर्च मी गेली कित्येक वर्षे करते आहे आणि तो मला कधी जड वाटला नाही.

पैशांची यादी वर्गात वाचू नये. हे मी एकदा केले आहे. सहलीचे पैसे भरायची मुदत संपत आली होती, म्हणून ज्यांचे आले नव्हते अशा नऊ जणांची नावे मी हजेरीनंतर मोठ्याने वाचली. मधल्या सुट्टीत त्यांतली एक मुलगी टेबलाशी आली आणि म्हणाली, ‘बाई, मला गाडी लागते, म्हणून मी येत नाही.’ मी बरे म्हटले. ती रोज पेठ रोडने एस.टी.त चाळीस मिनिटे बसून शाळेत येत होती, हे मला संध्याकाळी आठवले. आता मी अशा चिठ्ठ्या बंद पाकिटात, सर्वच्या सर्व पन्नास मुलांना देते; ज्यांचे पैसे आलेले असतात, त्यांच्या पाकिटात पोच असते.

पोषण आहाराच्या वेळी अधूनमधून मुलांच्या रांगेत ताट घेऊन बसावे. डब्यात काय आहे यावर बोलू नये. एवढे पुरे.

शिस्त लावताना

शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे नव्या शिक्षकांना परीक्षेपुरते पाठ असते. छडी गेली, पण टोमणा राहिला. ‘आले आमचे कलेक्टर’ या वाक्याने वर्ग हसतो, शिक्षकाला आपण विनोदी असल्याचे समाधान मिळते आणि त्या मुलाचे त्या दिवसाचे शिकणे तिथेच संपते. चूक सांगायची ती एकट्याला, खालच्या आवाजात, आणि सांगून झाल्यावर लगेच त्याला एखादे विश्वासाचे काम द्यायचे : नकाशा आणणे, खडूची पेटी भरणे, घंटा देणे. दुसऱ्या दिवशी तो विषय काढायचा नाही.

गैरहजर मूल परत येते तेव्हा

पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंडीबरोबर जाणारी मुले असतात, द्राक्षाच्या हंगामात घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी असतात, आणि गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढले की नदीकाठच्या वस्तीतली मुले दोन-चार दिवस दिसत नाहीत. येतात तेव्हा वह्या भिजून फुगलेल्या असतात. कारण काहीही असो, परत येणाऱ्या मुलाला आपल्या बाकावर दुसरे कोणी बसलेले दिसता कामा नये. त्याची जागा राखून ठेवा. शेजारच्या मुलाने झालेल्या भागाची टिपणे काढून ठेवावीत, आणि हे काम कोणाचे, ते बाकांच्या नकाशावरच ठरवून द्यावे. तिसऱ्या दिवशी घरी फोन करावा, तर पहिले वाक्य ‘का आला नाही?’ असे नसावे, ‘बरा आहे ना?’ असे असावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांशी दसऱ्याच्या आधीच बोलून, मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकेल का, हे मुख्याध्यापकांच्या मदतीने पाहावे. गाडी निघाल्यावर बोलून उपयोग नसतो.

पालकांशी

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या, किंवा मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या पालकाला सकाळी अकराची सभा म्हणजे एक खाडा. सभा शक्यतो सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवायला मुख्याध्यापकांना सुचवून पाहा. नवीन असल्यामुळे लगेच ऐकले जाईलच असे नाही. तोवर आपल्या हातात फोन आहे. आठवड्यातून एकदा, एकाच पालकाला, फक्त चांगली गोष्ट सांगण्यासाठी फोन करा. पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘काय केलं त्यानं?’ काही केले नाही, आज त्याने नकाशात सह्याद्री बरोबर दाखवला, असे सांगितल्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही.

सावधगिरी

मुले जवळ आली की सांगू लागतात, आणि त्यात कधी मारहाणीच्या किंवा अत्याचाराच्या गोष्टी असतात. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नका. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मदतीसाठी १०९८ हा बाल हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मुलाला एवढेच सांगावे की तू सांगितलेस ते बरे केलेस, आणि ज्यांना कळणे गरजेचे आहे त्यांनाच मी हे कळवणार आहे. खोदून खोदून विचारू नये. हा क्रमांक वर्गातही सर्वांना दिसेल असा लावावा.

दुसरी सावधगिरी स्वतःबद्दल. वरचे सर्व काही जूनमध्येच सुरू करायला गेलात, तर ऑगस्टमध्ये सर्व बंद पडेल. दोनच गोष्टी निवडा. माझा कल नावे आणि दारातली पाच मिनिटे यांच्याकडे आहे.

आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, हजेरीपट न उघडता कोऱ्या कागदावर वर्गातली नावे आठवतील तशी लिहून काढा. जी नावे सर्वांत शेवटी आली किंवा आलीच नाहीत, त्यांच्यापासून पुढच्या महिन्याची सुरुवात करायची. मागच्या शनिवारी माझ्या कागदावर ४६ नावे आली. उरलेल्या चौघांपैकी तिघे खिडकीकडच्या शेवटच्या दोन बाकांवर बसतात, असे नकाशावरून दिसले; सोमवारी हजेरी मी त्या कोपऱ्यात उभी राहून घेणार आहे.